कार डिटेलिंगचा (गाड्यांची सफाई, पॉलिश, कोटिंग) गाळा सुरू करतोयस? आधी विम्याचं बघ

भावा, बहुतेक जण गाळ्याचा आगीचा विमा काढून निवांत होतात. तो हवाच. एका जागेवरच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. मशीन, फर्निचर, कोटिंगचा स्टॉक त्यात बसतो.

पण आपला खरा धोका म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी. साध्या पब्लिक लायबिलिटी विम्यात (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) बहुधा तुझ्या ताब्यातल्या वस्तूंचं नुकसान वगळलेलं असतं. माझ्याकडच्या पोराने बॉनेटच्या कडेवर रोटरी (पॉलिशचं फिरतं मशीन) जरा जास्त वेळ धरली, क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) जळून रंगाखालचा प्रायमर दिसायला लागला. अख्खं बॉनेट रंगवून द्यावं लागलं, खिशातून. म्हणून एजंटला लेखी विचार: ताब्यातली गाडी, कामातली चूक, आणि गाडी बाहेर काढताना ठोकली तर, हे तिन्ही धरलंय का? 'सगळं कव्हर होतं साहेब' यावर जाऊ नकोस, पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाच.

कामाला एकच पोरगा असला तरी कर्मचारी भरपाईचा विमा घे, म्हणजे कामावर त्याला इजा झाली तर द्यावी लागणारी भरपाई त्यातून जाईल.

आणि गाडी आत घेताना चारही बाजूंनी फोटो काढ, जुने ओरखडे जॉबकार्डवर (त्या गाडीच्या कामाच्या नोंदीचा कागद) लिहून गिऱ्हाइकाची सही घे.