जॉन फॉगर्टी यांनी स्वतःचीच गाजलेली गाणी गाणे इतकी वर्षे का बंद ठेवले होते?

‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या अमेरिकन रॉक गटाचा प्रमुख गायक आपल्याच गटाची गाणी वर्षानुवर्षे गायला तयार नव्हता हे खरे आहे का, आणि असेल तर का, असे तुम्ही विचारले आहे. हे खरे आहे. ती गाणी जॉन फॉगर्टी यांनीच लिहिली होती, चालीही त्यांच्याच होत्या आणि आवाजही त्यांचाच होता, परंतु करारानुसार त्यांची मालकी एका रेकॉर्ड कंपनीकडे होती. फॉगर्टी यांनी कोणत्याही सभागृहात ती गायली असती, तर त्या गायनाच्या परवान्याच्या पैशातला प्रकाशकाचा वाटा त्याच कंपनीकडे गेला असता. अनेक जण या नकाराला केवळ हट्ट म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फॉगर्टी यांचा जन्म २८ मे १९४५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला आणि ते शेजारच्या एल सेरिटो या गावात वाढले. शाळेतच स्टू कुक आणि डग क्लिफर्ड या वर्गमित्रांबरोबर त्यांनी वाद्यवृंद जमवला. पुढे थोरले बंधू टॉम त्यात आले. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फँटसी’ या कंपनीने त्यांना घेतले. ही कंपनी मुख्यतः जॅझच्या ध्वनिमुद्रिका काढत असे. तिने या मुलांचे नाव परस्पर बदलून ‘द गॉलिवॉग्ज’ केले, आणि ते नाव त्यांना कधीच आवडले नाही. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हे याच गटाचे पुढचे नाव. १९६६ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची भरती जोरात असताना जॉन लष्कराच्या राखीव दलात गेले. १९६८ मध्ये सेवामुक्तीचे पत्र हाती पडले, त्याच दिवशी ‘प्राउड मेरी’ हे गाणे आपल्याकडून पुरे झाले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे अमेरिकन रॉकच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागतील. एकट्या १९६९ या वर्षात या गटाचे तीन अल्बम आले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व गाणी लिहिणे, बसवणे, मुख्य गिटार वाजवणे, गाणे आणि ध्वनिमुद्रणाची देखरेख करणे ही कामे पंचविशीही न गाठलेला हा एक माणूस करत होता. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत त्यांची पाच एकेरी गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली, मात्र पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही. मला सर्वांत जास्त नवल वाटते ते त्यांच्या गाण्यांतल्या प्रदेशाचे. लुईझियानाच्या दलदली, मिसिसिपी नदी आणि तिच्यावरच्या बोटी त्यांच्या गाण्यांत इतक्या सहजपणे येतात की ऐकणाऱ्याला हा माणूस तिथलाच वाटावा. प्रत्यक्षात तो सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचा मुलगा होता, आणि दक्षिणेचे हे जग त्याने रेडिओ, जुन्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून मनात उभे केले होते. त्या काळात तिथे लांबलचक वाद्यवादनाची आणि गूढ शब्दांची चलती होती. अशा वेळी फॉगर्टी दोन-तीन मिनिटांची घट्ट बांधलेली गाणी लिहीत होते. ‘फॉर्च्युनेट सन’ हे युद्धविरोधी गीत त्याच काळातले. श्रीमंतांची आणि सत्ताधाऱ्यांची मुले घरी राहतात आणि गरिबांची मुले आघाडीवर जातात, याचा राखीव दलात राहून आलेल्या माणसाला असलेला संताप त्यात आहे, आणि म्हणूनच तो उसना वाटत नाही.

आता कराराकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. १९६७ साली कंपनीतलेच एक विक्रेते सॉल झेंट्झ यांनी काही भागीदारांसह ‘फँटसी’ विकत घेतली, आणि १९६८ च्या आरंभी या चौघांशी नवा करार केला. त्या करारानुसार ध्वनिमुद्रणेही कंपनीची झाली आणि गाण्यांचे प्रकाशनहक्कही, म्हणजे शब्द आणि चाल यांवरचे हक्कही, कंपनीकडेच गेले. शिवाय दरवर्षी ठराविक संख्येने गाणी देण्याचे बंधन होते, आणि कमी पडलेली गाणी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढत. यश मिळाले तर आपण हा करार फाडून चांगला करार करू, असा शब्द झेंट्झ यांनी दिला होता, परंतु तो कधीच पाळला नाही, असे फॉगर्टी यांचे म्हणणे आहे. यश मात्र अफाट मिळाले. त्यातच बहामासमधल्या एका बँकेत गुंतवलेली गटाची बचत पुढे बुडाली.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गट फुटला तो केवळ कंपनीमुळे नव्हे. सर्व निर्णय स्वतःच्या हाती ठेवण्याची जॉन यांची पद्धत इतर तिघांना असह्य झाली होती. टॉम १९७१ मध्ये बाहेर पडले. पुढच्या अल्बमसाठी जॉन यांनी उरलेल्या दोघांनीही गाणी लिहावीत आणि गावीत अशी व्यवस्था केली, ती कुणाच्याच हिताची ठरली नाही, आणि १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये गट विसर्जित झाला. जॉन यांची कला मला अतिशय प्रिय आहे, तरीही भावाबरोबरच्या त्या संघर्षात त्यांना पूर्णपणे निर्दोष ठरवणे मला जमत नाही.

गट संपला, पण जॉन यांच्यावरचे कराराचे बंधन संपले नाही. १९७३ आणि १९७५ साली त्यांचे दोन एकल अल्बम आले, त्यानंतर दीर्घ शांतता. अखेर १९८० च्या सुमारास ‘फँटसी’च्या जोखडातून सुटण्यासाठी त्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांवर कलाकार म्हणून मिळणारी रॉयल्टी सोडून दिली. १९८५ मध्ये ‘सेंटरफील्ड’ हा अल्बम आला, त्यातली सारी वाद्ये त्यांनी स्वतः वाजवली होती, आणि तो यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच अल्बममधील एका गाण्याच्या शीर्षकात झेंट्झ यांच्या नावावर उघड टोला होता. तो अब्रुनुकसानीच्या वादात अडकला आणि नाव बदलावे लागले. खरा विलक्षण खटला मात्र वेगळाच होता. ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे नवे गाणे म्हणजे १९७० च्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, असा दावा ‘फँटसी’ने लावला. दोन्ही गाणी फॉगर्टी यांचीच होती, पण जुन्या गाण्याचा स्वामित्वहक्क कंपनीकडे असल्यामुळे एखाद्या रचनाकाराने स्वतःचीच चोरी केली, असा आरोप कायद्याच्या चौकटीत शक्य झाला.

१९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात फॉगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसले आणि आपण गाणे कसे रचतो, एकाच माणसाच्या दोन रचनांत त्याची शैली का दिसते, हे त्यांनी ज्यूरीला वाजवून दाखवले. ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उरला वकिलांच्या खर्चाचा प्रश्न. दावा लावणारा जिंकला तर त्याला हा खर्च बहुधा मिळे, परंतु प्रतिवादी जिंकला तर समोरच्याचा दावा निरर्थक किंवा दुष्ट हेतूने केलेला होता हे त्याला सिद्ध करावे लागे, अशी दुहेरी फूटपट्टी त्या भागातील न्यायालये वापरत होती. फॉगर्टी सर्वोच्च न्यायालयात गेले. १ मार्च १९९४ रोजी सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने एकमताने ठरवले की दोन्ही पक्षांना एकच निकष लावला पाहिजे. पुढे त्यांना सुमारे साडेतेरा लाख डॉलर मंजूर झाले. अमेरिकेत स्वामित्वहक्काचा कायदा शिकणाऱ्यांना हा खटला आजही वाचावा लागतो. एका रॉक गायकाच्या नावाने असा निकाल असणे ही मला त्यांच्या कोणत्याही पुरस्काराहून मोठी गोष्ट वाटते.

मौन सुटले ते १९८७ मध्ये. लॉस एंजेलिसच्या एका छोट्या क्लबमध्ये बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्यासोबत ते मंचावर होते. ‘प्राउड मेरी’ तू गायला नाहीस तर लोक ते टीना टर्नरचेच गाणे समजतील, अशा अर्थाचे डिलन काही बोलले, आणि फॉगर्टी यांनी ते गायले. टर्नर यांची १९७१ ची आवृत्ती इतकी गाजली होती की त्या बोलण्यात तथ्य होतेच. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनजवळ झालेल्या कार्यक्रमात त्यांनी जुनी गाणी पुन्हा गायली. जुनी गाणी नेहमीच्या दौऱ्यांत परतायला मात्र १९९७ उजाडले. त्याआधी मिसिसिपीत रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूज गायकाच्या थडग्यापाशी उभे असताना, हक्क कोणाच्याही तिजोरीत असोत, ही गाणी जॉन्सनचीच आहेत हे आपल्याला जाणवले, आणि तोच न्याय आपण आपल्या गाण्यांना लावला, असे त्यांनी सांगितले आहे.

भावांमधला दुरावा मात्र भरून निघाला नाही. टॉम १९९० मध्ये वारले. १९९३ मध्ये गटाला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, तेव्हाही जॉन यांनी कुक आणि क्लिफर्ड यांच्यासोबत वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना बरोबर घेऊन गायले. एवढ्या वर्षांनंतर एका संध्याकाळीपुरते तरी तिघांनी एकत्र उभे राहायला हवे होते, असे मला वाटते.

२००४ मध्ये ‘काँकर्ड’ या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने ‘फँटसी’ विकत घेतली आणि सोडून दिलेली रॉयल्टी फॉगर्टी यांना पुन्हा सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी आपल्या गाण्यांच्या जागतिक प्रकाशनहक्कांतील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. मूळ ध्वनिमुद्रणे अजून कंपनीकडेच आहेत, म्हणून २०२५ मध्ये त्यांनी मुलांच्या साथीने जुनी गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करून नवा अल्बम काढला. तुम्हाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी १९६९ चे ‘ग्रीन रिव्हर’ आणि १९७० चे ‘कॉस्मोज फॅक्टरी’ हे दोन अल्बम ऐका. खटल्यातली ती दोन गाणीही लागोपाठ ऐकून पाहा, म्हणजे ज्यूरीपुढे नेमका काय प्रश्न होता हे तुमच्या कानांनाच कळेल.