मेगिद्दोची तीन सालं आणि माझी जास्तीची पंचवीस वर्षं

"इजिप्तचा राजा थुतमोस तिसरा याची मेगिद्दोची (आजच्या इस्रायलमधलं शहर) लढाई एका पुस्तकात इ.स.पू. १४८२, दुसऱ्यात १४६८, तिसऱ्यात १४५७. लेखासाठी मधलं साल धरू का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. नका हो धरू! पंधरा वर्षांपूर्वी मी असलंच काहीतरी केलं आणि पुरता फसलो.

थेट सालांकडे येतो. (मी बँकेतला माणूस, चित्रलिपी मला वाचता येत नाही. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.)

तिन्ही सालं आपापल्या घरात बरोबर आहेत. आपल्या राज्याभिषेक शकासारखा सलग चालणारा शक इजिप्तमध्ये नव्हता. नवा राजा बसला की पुन्हा वर्ष पहिलं. कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर लढाईची तारीख कोरली आहे: राजाचं २३वं वर्ष, शेमू (उन्हाळी) ऋतूचा पहिला महिना, २१वा दिवस, चांद्रमास सुरू होण्याचा सण. चंद्राचा उल्लेख आहे म्हणून साल काढता येतं, आणि गोंधळही त्याच्यामुळेच होतो. त्यांचं वर्ष ३६५ दिवसांचं. अशी २५ वर्षं म्हणजे जवळजवळ नेमके ३०९ चांद्रमास, त्यामुळे चंद्र २५ वर्षांनी त्याच तारखेला परत येतो. थोडी ओढाताण केली तर ११ आणि १४ वर्षांनीही जुळतो. म्हणून थुतमोस गादीवर आल्याची तीन सालं निघाली: १५०४, १४९०, १४७९. नंतरचा राजा रामसेस दुसरा याचीही तीनच: १३०४, १२९०, १२७९. आता जोड्या लावून वजाबाकी करा. दर वेळी २०० येतील. सध्या बहुतेक अभ्यासक शेवटची जोडी धरतात.

मी माझ्या प्रबंधात काय केलं? थुतमोस जुन्या आवृत्तीतून घेतला, १५०४चा. रामसेस नव्या पुस्तकातून, १२७९चा. मेगिद्दो १४८२ आणि कादेश (रामसेसची हित्तींशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सत्तेशी झालेली लढाई) १२७४, म्हणजे मध्ये २०८ वर्षं. खरं अंतर १८३. ही वरची २५ वर्षं कुठे बसवायची? मी अख्खं प्रकरण लिहिलं की अखेनातेन या मधल्या राजानंतर इजिप्तच्या सैन्याला पाव शतकाची मरगळ आली! पुरावाही गोळा केला. अमार्नाच्या पत्रांतली (इजिप्तच्या दरबाराला आलेली पत्रं) बिब्लोस बंदराचा मांडलिक राजा रिब-हद्दा याची 'सैन्य पाठवा, सैन्य पाठवा' ही गाऱ्हाणी घातली. कादेशला रामसेस गाफील सापडला तोही या मरगळीमुळेच, असा शेवट केला. खरं तर दोन शासू भटक्यांनी 'हित्ती राजा अजून दूर हलबच्या (अलेप्पोच्या) मुलखात आहे' अशी थाप मारली, रामसेसने ती खरी मानली, आणि मागून येणारी 'रे' नावाची पलटण वाटेतच कापली गेली. गाफीलपणा एका दुपारचा होता. मी त्याच्यामागे २५ वर्षं उभी केली, जी कधी उजाडलीच नव्हती. सगळ्यात लाज याची वाटते की त्या प्रकरणावर मी भलताच खूश होतो.

प्रबंध जिथे द्यायचा होता त्या कार्यालयाने तो परत पाठवला. शेरा दोनच शब्दांचा: 'कालगणना तपासावी.' कुठली, कुठल्या पानावर? पत्ता नाही. दोनदा रजा टाकून गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "साहेबांनी लिहिलंय ना, तपासा." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझी नोंदणीच संपलेली. पुन्हा शुल्क, पुन्हा अर्ज, वर्ष गेलं. पहिल्याच भेटीत कोणी म्हणालं असतं की 'अहो, दोन पुस्तकांची सालं मिसळलीत', तर पाच मिनिटांचं काम होतं. असो, रक्तदाब वाढतो.

तर माझं मत (मतच आहे, पटलं नाही तर सोडून द्या): आधी राजाचं वर्ष लिहा, इसवी सनपूर्व साल नंतर. सगळी सालं एकाच पुस्तकातून घ्या, आणि ते कुठलं हे लेखात सुरुवातीलाच सांगून टाका.

जाता जाता दोन गोष्टी. '२३व्या वर्षी पहिली मोहीम, मग आधीची २२ वर्षं राजा काय करत होता?' असं वाचक हमखास विचारतील. तेव्हा कारभार त्याची सावत्र आई हातशेपसुत हिच्या हाती होता, हे एका वाक्यात उरकून घ्या. आणि 'मेगिद्दो एका दिवसात पडलं' असं कृपा करून लिहू नका. शत्रू पळाला, इजिप्तचे सैनिक त्याची छावणी लुटत बसले, आणि तेवढ्यात पळणाऱ्यांना तटावरून कपडे सोडून वर ओढून घेतलं गेलं. पुढे सात महिने वेढा. शेवटी ९२४ रथ आणि दोन हजारांवर घोडे हाती लागले, पण मेलेल्या शत्रूंचे कापलेले हात मोजले ते ८३. मला विचाराल तर साम्राज्य उभं राहिलं ते पुढच्या वीसेक वर्षांतल्या सोळा-सतरा मोहिमांतून, किनाऱ्यावरच्या बंदरांत भरून ठेवलेल्या रसदेतून, आणि मांडलिकांची मुलं इजिप्तला नेऊन वाढवण्यातून. लेखात जागा त्याला द्या.

तुमच्या तक्त्यात अखेनातेनची सालं कुठल्या पुस्तकातली आहेत तेवढं कळवा. माझी गाडी तिथेच घसरली होती.