चार वर्षांचं काम एका पेपरने गेलं, आता काय?

क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये, म्हणजे क्वांटम भौतिकीच्या नियमांवर चालणाऱ्या संगणकांवर, पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. ‘संशोधन सोडू का?’ एवढंच तिला विचारायचं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिने रचलेला क्वांटम अल्गोरिदम (गणित सोडवायची पायरी-पायरीची पद्धत) जे करतो ते साध्या संगणकाला तेवढ्या वेगाने झेपणार नाही, यावर सगळा थिसिस उभा होता. आणि कुणीतरी साध्या संगणकावरही तेवढीच चपळ पद्धत काढली.

संशोधक मंडळी ‘मी हरले’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘हे क्षेत्रच पोकळ आहे’ म्हणतात. तिचंही तेच. “शोरचा अल्गोरिदम 1994चा. त्याने मोठ्या संख्यांचे अवयव पाडणारं क्वांटम यंत्र अजून नाही. पोस्टडॉकवर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, करत वाट कशाची बघायची?” शंका रास्त होती, पण ती पहिल्या वर्षीही तिला ठाऊक होती. नवीन होती ती लाज. ती गाइडलाही भेटायचं टाळत होती.

“असं आधी कुणाचं झालंय?” मी विचारलं. तिने नाइलाजाने सांगितलं. केरेनिडिस आणि प्रकाश या संशोधकांनी 2016 मध्ये, ग्राहकाला काय आवडेल अशा शिफारशी सुचवणारा क्वांटम अल्गोरिदम मांडला. 2018 मध्ये 18 वर्षांच्या ईविन टँगने जवळपास तसाच वेगवान साधा अल्गोरिदम दिला. खरं तर तसा असूच शकत नाही, हे सिद्ध करायला ती बसली होती.

“पण टँग जिंकली. मी दुसऱ्या बाजूला आहे.”

“मग त्या बाजूचं बोलू. त्या दोघांचं काय झालं?”

ती थोडा वेळ गप्प. दोघंही त्याच क्षेत्रात राहिले. आणि टँगने आपली पद्धत उभी केली ती त्यांनीच आखलेल्या माहितीच्या मांडणीवर. हे मला कुठून कळणार? तीच सांगत गेली, सांगताना आवाज बदलला.

गाइडपुढे न्यायला आम्ही एकच प्रश्न ठरवला: ही नवी साधी पद्धत कोणत्या अटींवर चालते, आणि अटी मोडल्या तर काय? गाइडने तो पेपर आधीच वाचला होता. त्यातून आता थिसिसचं एक प्रकरण लिहिलं जातंय.

पोस्टडॉकचा प्रश्न मात्र वेगळा ठेवलाय. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणं, तात्पुरता पगार, कायम जागेची अनिश्चिती, हे तिला पेलेल का, याचा त्या पेपरशी काही संबंध नाही. कंपनीत अर्ज करावा की नाही, त्यावर पुढच्या भेटीत बोलू.