बेळगावात राहून दोघांनी लांब पल्ल्याच्या कॅनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी) शर्यतीची तयारी कशी करावी?

आपला प्रश्न कॅनडातील युकॉन नदीवरील ७१५ किलोमीटरच्या शर्यतीसारख्या स्पर्धांविषयी आहे. हिडकल जलाशयावर रीतसर परवानगी काढून आणि लाइफ जॅकेट घालून तासन्‌तास एकत्र वल्हवण्याला पर्याय नाही, कारण दंडाची ताकद व्यायामशाळेतही कमावता येते, परंतु लय पाण्यावरच जुळते: पुढे बसलेला गती ठरवतो, मागचा दिशा सांभाळतो आणि ठरावीक वल्ह्यांनंतर हाक देतो, त्यासरशी दोघेही वल्हवण्याची बाजू बदलतात. जोर खांद्यातून नव्हे, तर धड वळवून लावावा. खाणे आळीपाळीने व्हावे, म्हणजे होडी थांबत नाही. त्यासाठी शेंगदाण्याचे लाडू सोयीचे, कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) मात्र ओल्या हातांना चिकटतो. जोडीदाराशी मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा, हे आधीच ठरवावे.