दुसऱ्या वर्षी ती राहणार कुठे?

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. "लेकीला एका भल्यामोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आणि एका लहान खासगी कॉलेजात प्रवेश मिळालाय. खर्च जवळपास सारखाच. अ‍ॅडमिटेड स्टुडंट्स डेला दोन्हीकडे जाऊन आलो, दोन्हीकडे मुलं हसतमुख दिसली. हिचं मन कुठे रमेल ते कसं ओळखायचं? मोठ्या ठिकाणी पार्ट्या फार चालतात म्हणे. आणि शाकाहारी जेवणाचं काय?"

ताई, त्या दिवशी मुलं हसतमुखच असतात. पाहुणे येणार म्हटलं की आपणही ठेवणीतल्या कपबशा काढतोच. खर्चाचा तक्ता तुम्ही एक्सेलमध्ये केला असणार, मग जिथे पोरगी चार वर्षं राहणार तिथला हिशोब नुसत्या हसण्यावर का?

कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजं स्वतःची आकडेवारी ठरलेल्या नमुन्यात देतात तो तक्ता) लिहून शोधा, बहुतेक कॉलेजांची पीडीएफ सापडते. त्यात एफ विभाग काढा. दोन रकाने दिसतील: पहिल्या वर्षाची मुलं आणि सगळे अंडरग्रॅज्युएट. कॉलेजच्या हाउसिंगमध्ये किती टक्के राहतात, ती ओळ दोन्ही रकान्यांत वाचा. लोक पहिलाच आकडा बघून खूश होतात, तिथेच फसतात. समजा पहिल्यात ९५ आहे आणि दुसऱ्यात ३०. दुसऱ्या रकान्यात पहिल्या वर्षाची मुलंही धरलेली असतात. ती एकूण मुलांच्या पाव आहेत असं धरलं, तर ३० पैकी जवळजवळ २४ त्यांचेच झाले. म्हणजे वरच्या तीन वर्षांतली शंभरातली जेमतेम आठ मुलं कॅम्पसवर. बाकीची गावभर अपार्टमेंटांत पांगलेली.

यात वाईट काही नाही, पण घाई फार होते. मॅडिसनसारख्या कॉलेजच्या गावांत पुढच्या वर्षाच्या लीजची पळापळ पहिल्याच सेमिस्टरमध्ये सुरू होते. ऑगस्टअखेर ओळख झालेल्या चौघींनी दिवाळीच्या आसपास वर्षभराच्या भाड्यावर सही करायची! बोलकी मुलं गट जमवून मोकळी होतात, बुजऱ्या मुलाच्या वाट्याला उरलेली खोली येते. त्यात जॉइंट लीज (सगळ्यांचा मिळून एकच भाडेकरार) असेल तर एकीने मध्येच घर सोडलं की तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या डोक्यावर. म्हणून हाउसिंग ऑफिसला ईमेल करून विचारा: दुसऱ्या वर्षी खोलीची हमी आहे का? लॉटरी असेल तर गेल्या वर्षी किती जणांना खोली मिळाली नाही? अर्जाची शेवटची तारीख कोणती? आमच्या घरी दोन्ही मुलांच्या वेळी आधी हीच उत्तरं मागवली, टी-शर्ट नंतर घेतले.

त्याच एफ विभागात राज्याबाहेरच्या मुलांची आणि फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत (मुलांच्या आणि मुलींच्या सभासद-मंडळांत) जाणाऱ्यांची टक्केवारीही मिळेल. बाहेरची मुलं नगण्य असतील तर शुक्रवारी दुपारी चारला पार्किंग लॉट बघून या. बॅगा डिकीत जाताना दिसल्या की शनिवार-रविवार तिथे शुकशुकाट असतो. लेकीला एखाद्या साध्या गुरुवारी संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये एकटीला जेवू द्या. तुम्ही गाडीत बसा, आत जाऊ नका. क्लबांची लांबलचक यादी बघून भुलू नका. रास आणि भांगड्याच्या टीममध्ये अनेक ठिकाणी ऑडिशन असते, सगळ्यांना घेत नाहीत.

पार्ट्यांचं म्हणाल तर क्लेरी कायद्याखाली (कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती जाहीर करायला लावणारा कायदा) दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत निघणाऱ्या सुरक्षा अहवालात दारूच्या प्रकरणांचे तीन वर्षांचे आकडे असतात. आकडा मोठा म्हणजे दारू जास्तच असं नाही, पकडणारे कडक असतील. शाकाहारी जेवणाचा आठवड्याचा मेन्यू बहुधा डायनिंगच्या साइटवर असतो, तो लेकीलाच बघू दे.

प्रवेश पक्का करायच्या डिपॉझिटची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे. ते एकाच कॉलेजात भरा. 'राहू दे हातात' म्हणून दोन्हीकडे भरलंत आणि त्यांना कळलं, तर प्रवेश रद्द होऊ शकतो.