सांबरा ते मोपा : नकाशात ८२, रस्त्यावर सव्वाशे

प्रश्न : भाची ऑगस्टमध्ये सकाळी दहाला सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरणार आहे. त्याच दुपारी दोनला गोव्याहून तिचं पुढचं विमान आहे. इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर ८२ किलोमीटर आणि वेळ सहा मिनिटं दिसते. टॅक्सीवाले साडेतीन तास सांगतात. खरं काय? (एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर : टॅक्सीवाल्यांचं खरं. ८२ किलोमीटर हे सरळ रेषेतलं अंतर. त्याला ताशी ८०० च्या वेगाने भागलं की सहा मिनिटं येतात. त्यात घाट नाही, गाव नाही.

आधी तिकिटावरचं कोड बघा. गोव्यात विमानतळ दोन : जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून नुसतं ‘गोवा’ वाचून चुकीच्या विमानतळावर जाणारे कमी नाहीत, आणि ही चूक ऐनवेळी निस्तरत नाही.

मोपा असेल तर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, डिचोलीमार्गे सुमारे सव्वाशे किलोमीटर पडतात. सांबरा शहराच्या पूर्वेला आणि चोर्ल्याचा रस्ता पिरनवाडीहून फुटतो, म्हणजे सगळं बेळगाव ओलांडायचं. त्यातच पाऊण तास जातो. कणकुंबीपुढे पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरच्या गाडीचे मागचे दिवे तेवढे दिसतात, आणि दरड किंवा झाड पडलं की दोन्हीकडे रांगा लागतात. ऑगस्टमध्ये चार तास धराच. आंबोली, सावंतवाडी, बांदामार्गेही जाता येतं. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्याच्या गर्दीत गाडी अडकते. दाबोळी असेल तर आणखी वीसेक किलोमीटर वाढतात.

हिशेब उलटा मांडा. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड ते दोन तास आधी पोहोचायला हवं. दहाला विमान उतरलं, तर बॅगा घेऊन निघेपर्यंत साडेदहा, मोपाला अडीच. दोनचं विमान मिळणारच नाही. साडेचारच्या आधीचं घेऊ नका, आणि पुढे परदेशाचं असेल तर रात्रीचंच घ्या. दोन्ही तिकिटांचे पीएनआर वेगळे असतील, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी सहसा काही देत नाही. जमत असेल तर तिला आदल्या दिवशी बोलवा. पावसाळ्यात आम्ही हाच सल्ला देऊ.

प्रश्न : निपाणीहून सांबरा जवळ की कोल्हापूर? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कोल्हापूर. उजळाईवाडीचा विमानतळ शहराच्या अलीकडे, महामार्गापासून जवळच आहे. निपाणीहून चाळीसेक किलोमीटर. सांबऱ्याला याच्या दुप्पट अंतर. मात्र महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम कुठे चालू असेल तर अर्धा तास जास्त ठेवा, आणि तुम्हाला जायचंय त्या गावाला थेट विमान कुठून आहे हे आधी बघा. विमान बदलण्यात चार तास घालवण्यापेक्षा सांबऱ्यापर्यंतचा जास्तीचा रस्ता परवडतो.