‘इन सिटूमध्ये’ म्हणणं आता थांबवा

प्रश्न असा आलाय: “बॅटरीवरच्या एका लेखात ‘इन सिटू एक्स-रे’ असं वाचलं. इन सिटू म्हणजे साइटवर जाऊन मोजणं ना? मराठीत ‘घटनास्थळी’ लिहिलं तर चालेल का? आणि हल्ली ‘ऑपरांडो’ पण दिसतं, ते वेगळं काय?”

घटनास्थळी लिहिलंत की मागोमाग पोलिस आणि पंचनामा आलाच, त्यामुळे ते नकोच. पण आधी माझी तक्रार. भाषणांत, व्हिडिओंत, अगदी शिकलेसवरलेले लोकसुद्धा सर्रास म्हणतात, “हे आम्ही इन सिटूमध्ये केलं”. अहो, तो ‘इन’ म्हणजेच ‘मध्ये’! सिटू हे लॅटिनमधल्या ‘सितुस’ (जागा) या शब्दाला विभक्ती लागून तयार झालेलं रूप आहे, त्याच्यावर तुम्ही पुन्हा मराठी प्रत्यय चढवता, म्हणजे झालं ‘जागेमध्येमध्ये’. एकाने तर ‘सिटू टेस्ट’ लिहिलं होतं, इन गाळून. असो.

उत्खननात सापडलेली वस्तू न हलवता ठेवणं, कॅन्सरच्या रिपोर्टातलं इन सिटू, हे सगळं कुठेही वाचायला मिळेल, ते सोडतो. केमिस्ट्रीत अर्थ एवढाच की प्रक्रिया जिथे चाललीय तिथून नमुना बाहेर काढायचा नाही, उपकरणाची नजरच आत पोचवायची. त्यासाठी कुठे जावं लागतं असं अजिबात नाही. तुमच्या लेखातली बॅटरीच घ्या. चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतं, थरांमधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉमवरून (अणूंच्या मापाचं एकदम बारीक एकक) साधारण ३.७० पर्यंत जातं, आणि काळं ग्राफाइट निळसर, मग लालसर होत होत पूर्ण भरल्यावर चक्क सोनेरी दिसतं. आता हे बघायला सेल उघडलात की हवेतल्या ओलाव्याशी त्या लिथियमची रिअ‍ॅक्शन सुरू, बघायचं होतं तेच हातचं गेलं. म्हणून सेललाच खिडकी ठेवतात आणि चार्जिंग चालू असताना तिच्यातून एक्स-रे सोडतात. ‘साइट’ म्हणायची तर ती एवढीशी, टेबलावरच.

आणि इन सिटू म्हणजे ‘जिवंतपणी’ असंही नाही, ते इन व्हिवो. १९६९ मध्ये पेशींचे अभ्यासक जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी झेनोपस बेडकाच्या अंडपेशी काचपट्टीवर चेपल्या, डीएनएचे दोन धागे सुटे केले, किरणोत्सारी आरएनए त्यावर सोडला आणि तो नेमका कुठे जाऊन चिकटला ते फोटोच्या इमल्शनवर उठलेल्या काळ्या ठिपक्यांवरून पाहिलं. पेशी केव्हाच मेलेली, पण डीएनए पेशीतच! याला इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात. मेलेलं चालतं, हललेलं चालत नाही.

आता खरी गंमत. बरेच जण छातीठोकपणे सांगतात की सिटू म्हणजे आपलं ‘स्थित’च, ऐकायला सारखंच आहे की. साफ चूक. आपल्या ‘स्था’चे लॅटिन भाऊबंद ‘स्तारे’, ‘स्तातुस’, त्यांच्यातला स ला जोडलेला त कुठे हरवलेला नाही. ‘सितुस’ आलं ‘सिनेरे’पासून, म्हणजे राहू देणं, आहे तसं सोडणं. आणि त्याच्या मागे जो मूळ धातू मानतात, वस्ती करणं या अर्थाचा, त्याचं संस्कृत रूप आहे ‘क्षि’. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत बघा, ‘क्षि निवासगत्योः’. क्षिती त्यातलीच, क्षेत्र त्यातलंच. क्षय होतो तो क्षि वेगळा, मात्र वेदात ‘क्षय’ म्हणजे चक्क घरसुद्धा आहे आणि हे दोन क्षय स्वराघातावरून ओळखायचे म्हणून पाणिनीने खास सूत्र दिलंय, ‘क्षयो निवासे’!

लॅटिनचा स आणि संस्कृतचा क्ष कसा जुळेल म्हणाल तर अस्वल बघा. संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस. तीच जोडी. आणि हा क्ष पुढे मराठीत आला की बहुतेकदा श नाहीतर स होतो, हिंदीत ख. मक्षिकेची तिकडे मक्खी, इकडे माशी. कुक्षीची तिकडे कोख, इकडे कूस. क्षेत्राचं तिकडे खेत आणि आपलं शेत. म्हणजे इन सिटूतला सिटू आणि शेत हे लांबचे का होईना, चुलतभाऊ! काही अभ्यासक सिनेरे आणि क्षि यांच्या नात्याकडे अजून संशयाने बघतात. बघोत बापडे, अर्थ जुळतो, अक्षरं जुळतात, अजून काय सातबारा आणून दाखवायचा?

मराठी प्रतिशब्दासाठी संस्कृताळलेली मंडळी ‘स्वस्थाने’ सुचवतात. मला तो शब्द बघितला की तब्येत बरी असल्याचा भास होतो. ‘सिनेरे’तलं राहू देणं ज्यात आपोआप येतं असा शब्द आपल्याकडे रोजच्या बोलण्यात पडलेला आहे, ‘जागच्या जागी’. द्विरुक्तीमुळे न हलवण्याचा जोर पण येतो. “बॅटरीची जागच्या जागी एक्स-रे तपासणी”, काय वाईट आहे? शास्त्रीय वाटत नाही म्हणे! दोन ओळी कळल्या नाहीत की शास्त्रीय वाटायला लागतं काही लोकांना.

हां, ऑपरांडो राहिलं. हा शब्द २००२ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ मिगेल बान्यारेस आणि मंडळींनी रूढ केला. उत्प्रेरकावर (रिअ‍ॅक्शनला वेग देणारा पदार्थ) नुसता गॅस सोडून, तापवून स्पेक्ट्रम, म्हणजे त्याच्यावर प्रकाश टाकून मिळणारा आलेख, घेतला तरी लोक इन सिटू म्हणायचे, मग तो उत्प्रेरक खरंच काम करतोय का हे कोणी बघायचं? म्हणून स्पेक्ट्रम घेतानाच दुसऱ्या टोकाला माल किती तयार होतोय तेही मोजायचं, तर ऑपरांडो. यातलं ‘ओपुस’ म्हणजे काम, वेदातल्या ‘अपस्’चं सख्खं भावंड. याला मी ‘चालू कामात’ म्हणतो. ‘कार्यरत अवस्थेत’ लिहायचं असेल तर खाली जावक क्रमांकही टाका.